कर्मचारी-स्वास्थ्याचा विद्यापीठासमवेत अभ्यास : हेतू, व्यवस्था व मर्यादा

अहवाल वर्षात आपल्या रुग्णालयाने विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाशी सामंजस्य करार करून ‘कामाच्या ठिकाणचे स्वास्थ्य’ या विषयावरील संयुक्त संशोधन प्रकल्पास आरंभ केला. त्यानंतर काही देणगीदारांनी पृच्छा केली की, रुग्णसेवेसाठी स्थापन झालेल्या संस्थेने संशोधनात का पडावे, आणि त्याचा खर्च कोण करतो? प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे देण्यासाठी हे टिपण आहे.

प्रथम हेतूविषयी. रात्रपाळीची परिचारिका थकलेली असेल, तर त्याचा परिणाम सर्वप्रथम रुग्णास भोगावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत कामामुळे येणाऱ्या या पराकोटीच्या थकव्याची व्याख्या केली आहे. शक्तिपात, कामाविषयी अलिप्तता वा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना, ही त्याची तीन लक्षणे होत. संघटनेने त्यास आजार न मानता व्यवसायाशी निगडित स्थिती मानले आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. म्हणजे उपाय केवळ कर्मचाऱ्यावर करावयाचा नसून कामाच्या रचनेतही करावयाचा असतो.

याला जुना आधार आहे. ब्रिटनमधील सरकारी नोकरांची व्हाइटहॉल या नावाने ओळखली जाणारी पाहणी १९६७ मध्ये सुरू झाली. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत १०,३०८ स्त्री-पुरुष सहभागी होते. ज्यांना स्वतःच्या कामावर फारसे नियंत्रण नाही, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण अधिक असल्याचे तीत दिसून आले. रुग्णालयात असे नियंत्रण सर्वांत कमी कोणाला असते? आमच्या आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार व कनिष्ठ परिचारिकांना. म्हणून हा अभ्यास डॉक्टरांपुरता न ठेवता सर्व श्रेणींसाठी ठेवला आहे.

आता खर्चाविषयी. प्रकल्पाचे अनुदान विद्यापीठामार्फत हप्त्याहप्त्याने मिळते. ते स्वतंत्र खात्यात जमा होऊन ताळेबंदात निर्दिष्ट निधी म्हणून दाखविले जाते. संशोधन सहाय्यकाचे मानधन, छपाई व प्रवास एवढाच खर्च त्यातून होतो. प्रत्येक हप्त्याच्या विनियोगाचे प्रमाणपत्र लेखापरीक्षकांच्या सहीने पाठविल्याखेरीज पुढील हप्ता मिळत नाही. आपल्या देणग्यांतील वा निर्धन रुग्ण निधीतील एकही रुपया या कामी वळविलेला नाही. रुग्णालयाचे योगदान एक खोली आणि कर्मचाऱ्यांचा वेळ एवढेच आहे. प्रश्नावली भरण्याचा वेळ ड्यूटीतच धरला जावा, असा आम्ही आग्रह धरला. सुटीच्या दिवशी बोलावून थकव्याविषयी विचारणे शोभले नसते.

करार करताना एका मुद्द्यावर विश्वस्त मंडळात बरीच चर्चा झाली. निष्कर्ष प्रतिकूल आल्यास ते प्रसिद्ध करण्यापूर्वी रुग्णालयाची मान्यता घ्यावी, असे एका विश्वस्तांचे मत होते. संस्थेच्या नावाची त्यांची काळजी मनापासून होती. परंतु मान्यतेवर अवलंबून असलेला निष्कर्ष हा निष्कर्ष राहत नाही, ही विद्यापीठाची भूमिकाही योग्य होती. अखेर असे ठरले की, मसुदा रुग्णालयास तीस दिवस आधी दाखविला जाईल; वस्तुस्थितीची चूक असल्यास आम्ही ती दाखवू; प्रसिद्धी मात्र रोखता येणार नाही.

त्यानंतर प्रस्ताव नैतिकता समितीपुढे गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या समितीत सात ते पंधरा सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरील असतो, आणि कायदेतज्ज्ञ व सामान्य नागरिक यांचाही समावेश असतो. सहभाग ऐच्छिक असेल, कोणत्याही टप्प्यावर माघार घेता येईल आणि नकाराचा परिणाम पगारवाढीवर वा बदलीवर होणार नाही, ही वाक्ये मराठी संमतीपत्रात ठळक अक्षरांत छापावीत, अशी अट समितीने घातली.

एवढे करूनही पहिली चूक आमच्याच हातून झाली. प्राथमिक चाचणीच्या वेळी, सोयीचे म्हणून, भरलेले कागद मेट्रन कार्यालयात जमा करण्यास मी सांगितले. सर्वच कागदांवर सर्व काही उत्तम असल्याचे लिहून आले. प्रश्नावलीतील एका भागात गेल्या दोन आठवड्यांविषयी पाच विधाने असून प्रत्येकास शून्य ते पाच गुण द्यावयाचे असतात. बेरजेस चाराने गुणले की शंभरपैकी गुणांक मिळतो. आमच्या चाचणीत जवळपास सर्वांनी पाचाचाच आकडा लिहिला होता. प्रमुख संशोधक बाईंनी ते कागद बाजूला ठेवले आणि शांतपणे विचारले, “ड्यूटी कोण लावतं?” उत्तर त्यांना ठाऊक होते. ड्यूटीच्या तक्त्यावर मेट्रन व माझी सही असते.

मग व्यवस्था बदलली. कागदावर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक आला. क्रमांकांची यादी विद्यापीठातच कुलूपबंद राहते. बंद पाकिटे ज्या पेटीत टाकतात, तिची किल्ली रुग्णालयात नाही. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या विभागाचे आकडे स्वतंत्रपणे कळविले जात नाहीत, कारण लहान विभागात माणूस लगेच ओळखू येतो. माहिती देण्यासाठी घेतलेल्या सभेत एका मावशींनी विचारले, “साहेब, मला लिहिता येत नाही. माझा कागद कोण भरणार?” आमच्या लिपिकाऐवजी विद्यापीठाच्या सहाय्यक वेगळ्या खोलीत प्रश्न वाचून दाखवतील, असे तेथेच ठरले. दुसऱ्या एका परिचारिकेने “हे कागद तुम्ही वाचणार का?” असे थेट विचारले. “नाही,” असे सर्वांसमक्ष सांगितले, आणि तो शब्द पाळला आहे.

वेळापत्रकाची अडचण मात्र कायम राहिली. विद्यापीठाचे वर्ष परीक्षांवर चालते, रुग्णालयाचे साथींवर. पावसाळ्यात तापाच्या रुग्णांनी वॉर्ड भरले की प्रश्नावलीसाठी कोणास सोडता येत नाही. वॉर्ड मोकळे होतात तेव्हा परीक्षा असतात. त्यामुळे काम नियोजनापेक्षा मागे आहे, आणि वाढीव मुदतीसाठी अनुदानात वाढ मागितलेली नाही.

विश्लेषण अद्याप विद्यापीठात चालू असल्याने निष्कर्षांविषयी येथे काही लिहिणे उचित होणार नाही. अशा एका पाहणीतून कारण व परिणाम सिद्ध होत नाहीत, हेही आताच नमूद करतो. मात्र निष्कर्षांची वाट न पाहता एक गोष्ट केली आहे. सभांमधून उघडपणे आलेली सर्वांत मोठी तक्रार कामाच्या ओझ्याविषयी नव्हती. उद्याची पाळी आदल्या संध्याकाळी कळते, याविषयी होती. आता पाळ्यांचा तक्ता पंधरा दिवस आधी लागतो. त्याला खर्च आला नाही. तो इतकी वर्षे का लागला नाही, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

अंतिम निष्कर्ष, अनुकूल असोत वा प्रतिकूल, याच पानांवर सादर केले जातील. 

— प्रशासकीय अधिकारी