चार चुडांमधली एक गोळी

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरची भातशेती उतारावर बांध घालून घडवलेल्या लहान लहान खाचरांत होते. मावळ, मुळशी, भोर, आंबेगाव, अकोले, इगतपुरी या पट्ट्यात पुष्कळ कुटुंबांकडे अशी काही गुंठे खाचरे आणि त्यांच्या वरच्या अंगाला मुरमाड वरकस असते. खाचरात भात, वरकसावर नाचणी, वरई, खुरासणी. पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांत पडून जातो. जमीन वाढवायला जागा नसते आणि मोठे यंत्र बांधावरून उतरत नाही. तेव्हा उत्पन्न वाढायचे ते त्याच खाचरातून. मृदाशास्त्रज्ञ डॉ. ना. कृ. सावंत यांनी घडवलेली चारसूत्री भात लागवड या मर्यादा धरूनच मांडलेली आहे. तिच्यात नवे असे थोडेच: तूस, झाडाचा पाला, दोरी आणि खताची गोळी. तिचा सगळा भर कोणती गोष्ट नेमकी कुठे पडते यावर आहे.

जुनी रीत राबापासून सुरू होते. ज्या तुकड्यावर रोप टाकायचे त्यावर उन्हाळ्यात शेण, झाडांचे टहाळ, पालापाचोळा आणि गवत यांचे थर अंथरतात. आग सावकाश धुमसावी म्हणून वर बारीक मातीचा पातळ थर देतात आणि मग राब भाजतात. यामागे अनुभव आहे. वरच्या मातीतले तणाचे बी जळते, जमीन भुसभुशीत होते, राखेतून पालाश मिळतो आणि रोप सहज उपटून येते. पण किंमतही मोठी पडते. दर वर्षी ऐन, किंजळ यांच्या फांद्या तोडाव्या लागतात आणि शेतात जायचे शेण एका कोपऱ्यात जळून जाते. राबाला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी त्याची कामे दुसऱ्या कशाने होतील ते आधी सांगायला हवे.

चारसूत्रीचे पहिले सूत्र यातली काही कामे भाताच्या तुसाकडून करून घेते. तूस हळूहळू जाळून केलेली काळी राख गादीवाफ्याच्या मातीत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळतात. या राखेचा मोठा भाग सिलिका असतो. भात हे सिलिका शोषणारे पीक आहे. ती पानांच्या आणि खोडाच्या पेशींत साठते, रोप ताठ उभे राहते आणि खोडकिडीला व करप्याला सहज बळी पडत नाही. अडचण तुसाची आहे. दहा गुंठ्यांच्या लावणीला साधारण एक गुंठा रोपवाटिका लागते, म्हणजे किमान पन्नास किलो राख. तेवढ्या राखेला दोनेक क्विंटल तूस लागते आणि ते सुमारे टनभर भात भरडल्यावर निघते. भात शेतकऱ्याचे असले तरी पुष्कळदा तूस गिरणीतच राहते, आणि ते घरी आणायची सवय लावावी लागते. याच सूत्रात पेंढा खाचरात गाडण्याचीही शिफारस आहे, पण डोंगरातला शेतकरी ती सहसा पाळत नाही. पेंढा ही गुरांची उन्हाळ्याची बेगमी असल्याने त्याचे तसे वागणे रास्तच आहे.

बियाण्याचे काम घरातच होते. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी सोडले की पोचट दाणे वर तरंगतात. ते काढून टाकायचे, तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोनदा धुवायचे, सावलीत वाळवायचे आणि गादीवाफ्यावर ओळींत पेरायचे. फेकून पेरलेल्या दाट रोपापेक्षा ओळीतले रोप जाड येते, आणि बियाणेही वाचते.

दुसरे सूत्र गिरिपुष्पाचे, ज्याला बऱ्याच भागांत उंदीरमारी म्हणतात. हे झाड फांदीपासून किंवा बियांपासून बांधावर लावता येते, ते छाटणी सोसते आणि शेंगवर्गीय असल्याने हवेतला नत्र धरते. चिखलणीच्या आठवडाभर आधी कोवळ्या फांद्या तोडून दर आरला सुमारे तीस किलो या प्रमाणात खाचरात पसरतात. चार-सहा दिवसांत पाने गळून पडतात. मग काटक्या वेचून चुलीला नेतात आणि पाला चिखलात मिसळतात. शेणखत डोक्यावरून डोंगर चढवत न्यायचे कष्ट ज्यांना माहीत आहेत, त्यांना बांधावरच उगवलेल्या खताचे मोल सांगावे लागत नाही.

तिसरे सूत्र लावणीचे आहे. नायलॉनच्या दोरीवर 25 आणि 15 सेंटिमीटर अंतरावर आलटून पालटून खुणा करतात. दोघे जण बांधाच्या दोन टोकांना दोरी धरतात, बाया खुणेपाशी दोन-तीन रोपांचा चूड टेकवतात, ओळ पुरी होते, दोरी मागे सरकते. ओळींमधले अंतरही तसेच, आधी 15, मग 25. त्यामुळे खाचरभर चार चुडांचे 15 सेंटिमीटर बाजूचे चौकोन तयार होतात आणि दोन चौकोनांमध्ये 25 सेंटिमीटरची वाट राहते. चौरस मीटरला बरोबर 25 चूड बसतात. दोरीविना हाताच्या अंदाजाने लावताना चूड कुठे दाट, कुठे विरळ पडतात आणि एका चुडात सहा-सात रोपे जातात. गर्दीतल्या रोपांना फुटवे कमी येतात. रोप दोन ते चार सेंटिमीटर खोल, सरळ लावायचे असते. खोल खुपसलेले रोप आधी मुळे सावरते, मग फुटवे धरते, आणि हळव्या जातीच्या बाबतीत तेवढे दिवस गेले की ते भरून निघत नाहीत.

हे चौकोन चौथ्या सूत्रासाठी आखलेले असतात. युरिया आणि डीएपी 60:40 प्रमाणात दाबून केलेली 2.7 ग्रॅमची गोळी लावणीच्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मधोमध, सात ते दहा सेंटिमीटर खोल, हाताने खोचतात. आरला 625 गोळ्या लागतात, म्हणजे खत पावणेदोन किलोही नाही. हेक्टरी हिशेब सुमारे 170 किलोचा होतो.

गोळी खोल का, याचे उत्तर पाण्यात आहे. भरल्या खाचरात युरिया फेकला की तो पाण्यात विरघळतो. काही भाग अमोनिया होऊन हवेत जातो, काहीचे मातीच्या वरच्या थरात नायट्रेट होते आणि ते खालच्या बिनहवेच्या थरात उतरले की वायू होऊन निघून जाते. डोंगरातल्या खाचरांना आणखी एक गळती असते. वरच्या खाचराचे पाणी बांधाच्या तोंडातून खालच्यात उतरते, तिथून त्याच्या खालच्यात. जुलैच्या झडीत वरच्या शेतकऱ्याने फेकलेला युरिया खालच्या भावकीच्या भाताला मिळतो. गोळी चिखलात गाडली की नत्र अमोनियम रूपात मातीच्या कणांना चिकटून राहते आणि चारही चुडांची मुळे तिच्यापर्यंत पोहोचतात. दुसरा हप्ता द्यावा लागत नाही, हा फायदा तितकाच मोठा. आषाढात वरखताला उघडीप सापडेलच असे नसते. शिवाय पाण्यात खत कमी मिसळल्याने तण आणि शेवाळही कमी माजते. बांगलादेशात गुटी युरिया या नावाने पसरलेल्या गोळीमागेही हेच तत्त्व आहे.

गोळी सगळीकडे चालते असे मात्र नाही. पाणी झिरपून जाणाऱ्या हलक्या खाचरात खोल गाडलेले नत्र पाण्याबरोबर खाली निघून जाते. तिथे गोळीवर पैसे घालण्याआधी चिखलणी नीट करून बांधाची गळती बुजवावी. खोचल्यावर चौकोनात पाय पडू द्यायचा नाही. निंदणीला 25 सेंटिमीटरच्या वाटेनेच फिरायचे. गोळ्या उघड्या राहिल्या तर दमट हवेत ओघळतात, म्हणून पिशवी घट्ट बांधून ठेवावी लागते. ऐन लावणीत गावाजवळ गोळी मिळाली नाही तर तो हंगाम गेला. खताच्या दुकानात युरियाची गोणी असते, गोळी असेलच याची खात्री नसते. जिथे बचत गटाकडे गोळ्या करण्याचे यंत्र आहे तिथे ही अडचण बरीच सुटते.

खरी कसोटी मजुरीची लागते. अर्ध्या एकराला साडेबारा हजार गोळ्या, म्हणजे तितक्याच वेळा चिखलात बोटे घालायची. दोरीने लावणी सुरुवातीला संथ चालते. हे बहुतेक काम बायांचे, वाकून आणि पावसात. सावडीने लावणी होते तिथे दुसऱ्याच्या खाचरात दोरी धरायला बाया नाखूश असतात, कारण स्वतःची लावणी खोळंबते. त्यामुळे चारही सूत्रे एकदम स्वीकारणारे कमी. कोणी दोरी घेतो आणि गोळी सोडतो. कोणी फक्त उंदीरमारी लावतो. तज्ज्ञांना हे अर्धवट वाटते, पण ज्याच्या घरात लावणीला तीनच माणसे आहेत त्याची ही निवड हिशेबाची असते. कष्टाचा हाच प्रश्न नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा पद्धतीने दुसऱ्या टोकाने सोडवला आहे. तिच्यात चिखलणी आणि लावणी दोन्ही वगळून कायमच्या गादीवाफ्यावर बी टोकतात. तण आवरणे मात्र मग जपून करावे लागते.

भात वाढले तरी पैसा वाढतोच असे नाही. मळणीनंतर लगेच भात विकले तर भाव पडलेला असतो. 2025-26 साली साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये होता. क्विंटलभर भातातून सुमारे 65 किलो तांदूळ निघतो असे धरले, तर किलोला साडेछत्तीस रुपये आले की हमीभावाची बरोबरी होते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणीसारखा वासाचा तांदूळ पुण्याच्या बाजारात याहून बऱ्याच वरच्या दराने खपतो. फरक भरडाई, चाळणी, पोते आणि वाहतुकीचा खर्च वजा जाता शेतकऱ्याकडे राहू शकतो, शिवाय कोंडा गुरांना आणि तूस पुढच्या रोपवाटिकेला. अट अशी की तांदळात तुकडा कमी हवा. त्यासाठी भात वेळेवर कापून नीट वाळवावे लागते. वाळून कडक झालेले किंवा दमट राहिलेले भात गिरणीत कणी होऊन पडते. आंबेमोहर आणि आजरा घनसाळ यांना भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकनाचा भाव शेतकऱ्यापर्यंत यायचा तर भेसळ नसलेला माल एकत्र करून विकणारा गट लागतो.

कापणीनंतर खाचरात जी ओल उरते ती बहुतेक ठिकाणी वाया जाते. हळवे किंवा निमगरवे भात असेल तर कापणीमागोमाग, न नांगरता, खोडक्यांच्या मध्ये हरभरा, मसूर किंवा वाल टोकता येतो. बियाण्याखेरीज फार खर्च नाही, घरच्या डाळीची सोय होते आणि मुळांवरच्या गाठींतून जमिनीत थोडा नत्र राहतो. गरवे भात उशिरा निघते, तोवर वरचा थर सुकतो. म्हणून दुसरे पीक घ्यायचे की नाही हे जूनमध्ये भाताची जात निवडतानाच ठरते. तरीही हे पीक फसते ते बहुधा गुरांमुळे. भात निघाले की शिवार मोकळे, अशी रीत आहे, आणि एकट्याने हरभरा टोकला तर गावची गुरे तो फस्त करतात. कुंपण घालणे लहान खाचरांना परवडत नाही. लागून असलेल्या खाचरांच्या सगळ्या मालकांनी एकत्र पेरणी करायची, राखणीची पाळी लावायची आणि फेब्रुवारीपर्यंत मोकाट चराई थांबवायची, एवढाच उपाय उरतो. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी गावांत उन्हाळ्यात एकमेकांच्या शेतात राबून खाचरे घडवण्याची पडकईची रीत आहे. अशा गावांत हा ठराव करणे सोपे जाते.