आठ शिडांचे गलबत

श्रोतेहो, नाथांचे विंचवाचे भारूड रंगात आले, म्हणून आपल्या पिंपळगाव रेणुकाईत कुणी बॅटरी घेऊन विंचू शोधायला उठत नाही. तो विंचू म्हणजे काम-क्रोध, हे शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही कळते. मग परक्या भाषेतल्या गाण्यात शहर बेचिराख होताना दिसले, की आपण का बिचकतो? असेच एक जर्मन गाणे आज समजून घेऊ.

३१ ऑगस्ट १९२८ रोजी बर्लिनमध्ये बर्टोल्ट ब्रेख्त यांचे ‘थ्री पेनी ऑपेरा’ रंगमंचावर आले. संगीत कुर्ट वाइल यांचे. याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिले. पुण्याच्या थिएटर अकादमीने १९७८ मध्ये जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली ते सादर केले.

मूळ नाटकात चाच्यांच्या जेनीचे गाणे आहे. जेनी एका भिकार हॉटेलात पेले विसळते, गिऱ्हाइकांची अंथरुणे घालते. कुणी तिच्या हातावर पैसा टेकवतो, ती आभार मानते. पण मनात तिला आठ शिडांचे, पन्नास तोफांचे गलबत बंदरात शिरताना दिसते. तोफा धडाडतात, गाव भुईसपाट होते. चाचे माणसांना साखळदंडात बांधून तिच्यापुढे आणतात आणि विचारतात, कुणाला मारायचे? ती म्हणते, सगळ्यांना. मग गलबत तिला घेऊन निघून जाते.

पुढे १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, ब्रेख्त यांना देश सोडावा लागला आणि १९४५ साली बर्लिनचे ढिगारे झाले. त्यामुळे हे गाणे भविष्यवाणी वाटू शकते. पण असे स्वप्न उलगडताना दोन साधे प्रश्न विचारावेत. गावात काय शाबूत राहिले? आणि निकाल कुणी दिला?

गावात फक्त ते भिकार हॉटेल उरते. लोक नवल करतात, की तिथे असे कोण मोठे राहते? आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तिची अशी विचारपूस केलेली असते. आणि जिला दिवसभर हुकूम ऐकावे लागतात, तिच्याच शब्दावर आता मुंडकी उडतात. म्हणजे हे जगबुडीचे भाकीत नाही, गिळलेल्या अपमानाचा हिशेब आहे.

आपल्या गावाचे नावच रेणुकाईचे. जमदग्नींच्या रागापायी, पोटच्या मुलाच्या हातून जिचे शिर उतरले, ती ही माउली. आपल्या कथेत बाईचे शिर जाते. जर्मन गाण्यात बाई शिरे मागते. दोन्हीकडे विचारायचे ते एकच, शब्द कुणाचा चालला?

ब्रेख्त जेनीला देवी करत नाहीत. तिने ‘सगळ्यांना’ म्हटले, की आपल्याही अंगावर काटा येतो, कारण त्या सगळ्यांत निरपराधही आले. पण तो काटा आपल्याला मागे वळून पाहायला लावतो.

मिरचीच्या हंगामात आपला बाजार गजबजतो. हॉटेलच्या मागल्या बाजूला कुणी बाई कपबश्या विसळत असते. आपण चहा पितो, पैसे टेकवतो, निघतो. ती मान खाली घालून ‘हो दादा’ म्हणते. तिच्या मनात गलबत असेल किंवा नसेलही. पण उद्या चहा प्यायला गेलात, तर तिला नावाने हाक मारून पाहा. नाव ठाऊक नसेल, तर आधी ते विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)