एक दुकान, एक जिन्नस : क्योतोच्या निशिकी बाजारातून

"कमी पैशात ताकदीचे काय खावे?" हा प्रश्न आम्हाला वस्तीतल्या आयाबहिणी नेहमी विचारतात. या वेळी उत्तर शोधायला आम्ही वाचकांना जरा लांब नेणार आहोत, जपानमधल्या क्योतो शहरातल्या एका गल्लीत.

या गल्लीचे नाव निशिकी. लांबी जेमतेम ३९० मीटर. रुंदी इतकी कमी की समोरासमोरचे दुकानदार सहज बोलू शकतात. वर लाल, पिवळ्या, हिरव्या रंगाचे छत आणि खाली सव्वाशेच्या आसपास दुकाने. लोक तिला 'क्योतोचे स्वयंपाकघर' म्हणतात. पहिले दुकान १३१० च्या सुमारास निघाले, असे सांगतात. जमिनीखाली थंड पाणी होते, त्यात मासे ताजे राहत. म्हणून इथे मासळीवाले जमले आणि १६१५ मध्ये त्यांना सरकारी परवाना मिळाला.

इथली खासियत म्हणजे बरीच दुकाने एकाच जिनसाची. कोणी फक्त अंड्याची गुंडाळी करतो, कोणी फक्त लोणची विकतो. सुऱ्यांचे एक दुकान १५६० सालचे आहे. त्या घराण्याचे पूर्वज तलवारी घडवत, पुढची पिढी स्वयंपाकाच्या सुऱ्या घडवू लागली.

आता आपल्या कामाच्या दुकानांकडे वळू.

सोयाबीनचे दुकान. सोयाबीन भिजवून, वाटून, उकळून त्याचे दूध काढतात. ते विरजून पनीरसारखी वडी केली की झाला तोफू. तेच दूध मंद आचेवर ठेवले की वर साय धरते. ती काडीने अलगद उचलली की झाली युबा. हे पदार्थ जपानमध्ये रुजले ते बौद्ध विहारांमुळे. भिक्खू मांस-मासे खात नसत, त्यामुळे ताकदीसाठी सोयाबीनवर त्यांची भिस्त होती. क्योतोत विहार पुष्कळ, म्हणून तिथला तोफू आणि युबा नावाजलेला.

यातले आपल्या उपयोगाचे काय? १०० ग्रॅम कोरड्या सोयाबीनमध्ये सुमारे ३६ ग्रॅम प्रथिने असतात, तूरडाळीत सुमारे २२. सोयाबीन तर आपल्या विदर्भ-मराठवाड्यातच पिकते. मात्र ते कच्चे किंवा अर्धकच्चे खाऊ नये, पोट बिघडते. रात्रभर भिजवावे, ते पाणी फेकून द्यावे आणि कुकरमध्ये चांगले मऊ शिजवावे. मग उसळ करा, नाहीतर वाटून भाजीत घाला.

सुक्या मासळीचे दुकान. बोटाएवढ्या आणि त्याहून बारीक मासोळ्या मिठाच्या पाण्यात उकळून वाळवलेल्या. शेजारी बोनिटो माशाचे लाकडासारखे कडक तुकडे. ते धुरी देऊन वाळवतात आणि रंध्यासारख्या हत्याराने पापुद्रे काढतात. हे पापुद्रे आणि कोम्बू नावाचे समुद्री शेवाळ पाण्यात घालून जे सार निघते, त्यावर तिथला बराच स्वयंपाक उभा आहे. १९०८ मध्ये इकेदा किकुनाए या क्योतोत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने कोम्बूतली ती चव शोधून काढली आणि तिला 'उमामी' नाव दिले. चायनीजच्या गाडीवरचा अजिनोमोटो त्याच शोधातून आला.

ही मासळी तिथे मानाने मांडलेली असते, दुकानावर घराण्याचे नाव असते. आपल्याकडे सुकट विकणारी मावशी बाजाराच्या कडेला बसते आणि सुकटीच्या वासाला नाके मुरडणारे कमी नाहीत. आम्ही स्पष्ट सांगतो : सुकटीत लाजण्यासारखे काही नाही. काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी प्रथिने देते आणि हाडांना लागणारे कॅल्शियमही. फक्त गरम पाण्यात दोन-तीनदा धुऊन मीठ काढा आणि कालवणात वरून मीठ घालताना हात आखडता ठेवा.

लोणच्याचे दुकान. मोठ्या लाकडी पिंपात तांदळाचा ओला कोंडा आणि त्यात पुरलेले मुळे, वांगी, काकड्या. या कोंड्यामागे मोठा इतिहास आहे. पूर्वी जपानच्या शहरांत पांढरा, सडलेला तांदूळ खाणाऱ्यांना बेरीबेरी हा रोग होई. पाय सुजत, बधिर होत, हृदय बंद पडे. कांडताना फेकलेल्या कोंड्यात 'ब-१' जीवनसत्त्व जाते, हे पुढे कळले. कोंड्यात मुरलेल्या भाजीत ते थोडे उतरते. रेशनचा पांढरा भात रोज खाणाऱ्या घराने यातून इतके घ्यावे : सोबत डाळ, कडधान्य आणि आठवड्यातून काही दिवस ज्वारी-बाजरीची भाकरी हवीच.

पण लोणच्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९५१ ते १९८० या काळात जपानमध्ये सर्वांत जास्त माणसे मेंदूच्या झटक्याने दगावत. खारट लोणची, मिसो, सोया सॉस या सगळ्यांतून जाणारे मीठ रक्तदाब वाढवत होते. नागानो नावाच्या डोंगराळ भागात हे प्रमाण फार होते. तिथल्या बाया स्वयंसेविका झाल्या. घरोघर जाऊन सुपातले मीठ मोजू लागल्या, कमी मिठाचा स्वयंपाक शिकवू लागल्या. आज नागानोची माणसे जपानमधल्या सर्वांत दीर्घायुषी लोकांत मोजली जातात. हे घडवण्यात दवाखान्याइतकाच चुलीजवळच्या बायांचा हात होता.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे साधारण एक छोटा चमचा. त्यात पापड, लोणचे, सुकट, फरसाण, वेफर्सची पुडी सगळे आले. आणि बीपीची गोळी चालू असेल तर मीठ कमी केले म्हणून ती मनाने बंद करू नका.

जाता जाता एका भाजीवाल्याची गोष्ट. इतो जाकुचू (१७१६–१८००) हा याच गल्लीतल्या भाजीच्या वखारवाल्याचा थोरला मुलगा. चाळिशीत दुकान भावाला देऊन तो चित्रकार झाला. पण १७७१ मध्ये बाजारावर बंदीची पाळी आली, तेव्हा तो कुंचला ठेवून उभा राहिला आणि सुमारे तीन वर्षे खटपट करून त्याने बाजार वाचवला. पुढे त्याने बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे चित्र काढले. मधोमध टोपलीवर पहुडलेला मुळा, आणि भोवती शोक करणारे शिष्य म्हणून वांगी, भोपळे, सलगम. ते चित्र आज क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

हल्ली निशिकीत पर्यटकांची गर्दी वाढली आहे, पुष्कळ दुकाने त्यांच्यासाठी काडीला टोचलेले खाणे विकतात आणि वस्तूही महाग आहेत. तेव्हा तिथून विकत आणण्यासारखे आपल्याला काही नाही. सोयाबीन, सुकट, ज्वारी आपल्या बाजारात आहेतच. घ्यायची ती नागानोच्या बायांची गोष्ट. पुढच्या बैठकीला महिला मंडळाने एवढेच करावे : प्रत्येकीने घरात महिन्याला किती मीठ लागते आणि खाणारी माणसे किती, हे लिहून आणावे. तिथून सुरुवात होईल.