ताटातून काढण्याआधी तपासा
न्यूरोडायव्हर्जंट मुलं, मोठी माणसं आणि आहार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वर्ध्याला आहाराचे प्रयोग नवे नाहीत. १९३५ मध्ये मगनवाडीत सोयाबीन जेवणात घेऊन पाहिलं गेलं आणि गांधीजींनी त्याबद्दल ‘हरिजन’मध्ये लिहिलं. सेवाग्राम आश्रमातलं बिनमसाल्याचं जेवण तर सर्वश्रुत आहे. मात्र ते प्रयोग मोठ्या माणसांनी समजून-उमजून स्वतःवर केले होते. आज स्वमग्नता (ऑटिझम) किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) असलेल्या, म्हणजेच न्यूरोडायव्हर्जंट, मुलांच्या ताटावर जे प्रयोग चालतात, ते मोबाइलवर आलेल्या एखाद्या व्हिडिओवरून. एका दिवसात गहू, दूध, साखर सगळं बंद होतं आणि मुलाला कोणी विचारत नाही.

आहारामुळे स्वमग्नता किंवा एडीएचडी बरी होत नाही. मात्र पोषणातली कमतरता, पोटाचं दुखणं, बिघडलेली झोप आणि न कळलेली भूक यांमुळे मनःस्थिती आणि वागणं नक्की बदलतं. लक्ष तिथे द्यायला हवं.

गैरसमज : गहू आणि दूध बंद केलं की ऑटिझम जातो.

वस्तुस्थिती : गव्हातलं ग्लुटेन आणि दुधातलं केसिन या प्रथिनांपासून अफूसारखे घटक तयार होऊन मेंदूवर परिणाम करतात, असा एक तर्क १९७० च्या दशकाअखेरीस पुढे आला. त्यावर चाचण्या झाल्या, पण भक्कम पुरावा मिळाला नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलं, की ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी असे वर्ज्य-आहार देऊ नयेत.

आपल्याकडे पोळीऐवजी ज्वारीची भाकरी आली तर बिघडत नाही; ज्वारीत ग्लुटेन नसतंच. दुधाचं तसं नाही. शाकाहारी घरात कॅल्शियम आणि बी-१२ यांचा मोठा आधार दूध-दहीच असतं. २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात स्वमग्न मुलग्यांच्या हाडांचं कवच पातळ आढळलं आणि दूध वर्ज्य असलेल्यांत ते आणखी पातळ होतं. सिलिअ‍ॅक आजार किंवा दुधाची अ‍ॅलर्जी खरोखर असेल तर गोष्ट वेगळी. पण सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू बंद करण्याआधीच करावी लागते, नंतर ती फसवी येऊ शकते.

गैरसमज : गोड खाल्लं की मूल अंगात आल्यासारखं करतं.

वस्तुस्थिती : १९९५ मध्ये २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसला नाही. १९९४ च्या एका प्रयोगात आयांना सांगितलं, की मुलाला साखर दिली आहे. प्रत्यक्षात साखर दिलेली नव्हती, तरी त्यांना आपलं मूल जास्त चंचल वाटलं. वाढदिवसाला मूल उधळतं ते गर्दी, आवाज आणि टळलेली झोप यांमुळे. दातांसाठी आणि वजनासाठी गोड आवरावंच, पण वर्ध्याचा एखादा गोरस पाक खाल्ल्याने एडीएचडी वाढत नाही.

कृत्रिम रंगांची बाब निराळी. २००७ मध्ये साउदॅम्प्टनच्या संशोधकांना रंगांच्या मिश्रणाने काही मुलांची चंचलता किंचित वाढलेली दिसली. २०१० पासून युरोपात अशा सहा रंगांवर इशारा छापावा लागतो. त्यांतले टार्ट्राझिन आणि सनसेट यलो भारतात मर्यादेत चालतात. भडक रंगाच्या कुरकुरीत खाऊच्या पुड्या आणि सरबतं कमी केल्याने नुकसान काहीच नाही.

गैरसमज : “पोट्टं नखरे करते, उपाशी ठेवा, मंग बरोबर खाईन.”

वस्तुस्थिती : स्वमग्न मुलांत खाण्याच्या अडचणी इतर मुलांच्या सुमारे पाचपट आढळतात. वांग्याचा बुळबुळीतपणा, फोडणीचा वास, वरणात मध्येच लागलेली मोहरी हे त्यांना खरोखर असह्य होतं. अशी मुलं भूक असूनही खात नाहीत. शाळेतली खिचडी वासामुळे किंवा पंगतीच्या गोंगाटामुळे तशीच राहते आणि संध्याकाळी घरी जो आकांत होतो, तो बऱ्याचदा निव्वळ भुकेचा असतो.

केवळ बिस्किटं आणि पांढऱ्या भातावर राहणाऱ्या मुलांना क जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. मूल लंगडतं, चालायचं सोडतं आणि सगळे त्याला ‘वागण्याची समस्या’ समजतात. आर्वी-कारंजा भागात संत्र्याच्या बागा असताना हे घडू नये. चालत असलेल्या पदार्थाशेजारी नवा पदार्थ चिमूटभर ठेवावा. तो खाल्लाच पाहिजे असा आग्रह नको, आणि आवडत्या पदार्थात लपवून तर मुळीच देऊ नये. मुलाला कळलं, तर तो आवडता पदार्थही सुटतो.

गैरसमज : झोप लागत नाही, त्याचा जेवणाशी काय संबंध?

वस्तुस्थिती : रात्रभर कूस बदलणं, पाय झाडणं, पायांत काही वळवळतंय अशी तक्रार यांमागे लोहाची कमतरता असू शकते. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, कमी असू शकतो. कॅनडातल्या २००७ च्या एका छोट्या अभ्यासात लोह दिल्यावर स्वमग्न मुलांची अस्वस्थ झोप सुधारली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आहेत, त्यामुळे ही तपासणी आपल्याकडे आधी व्हावी. लोहाच्या गोळ्या मात्र मनाने देऊ नयेत; जास्त मात्रा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते.

इथेच चहाचा हिशेब येतो. जेवणाबरोबरचा चहा लोह शोषू देत नाही आणि संध्याकाळचा झोप लांबवतो. मुलांना चहा नकोच. वरणावर लिंबू पिळलं, तर डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते.

गैरसमज : डोकं आपटणं, चिडणं हा ऑटिझमचाच भाग.

वस्तुस्थिती : कधी कधी तो बद्धकोष्ठाचा भाग असतो. पोटाच्या तक्रारी स्वमग्न मुलांत बऱ्याच जास्त असतात. न बोलणारं मूल पोट दुखतंय असं सांगू शकत नाही. ते पलंगाच्या कडेवर पोट दाबतं, रात्री रडत उठतं. वागणं एकाएकी बदललं तर आधी पोट आणि दात तपासून घ्यावेत.

गैरसमज : ओमेगा-३ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या की मूल शांत होतं.

वस्तुस्थिती : एडीएचडीत ओमेगा-३ चा परिणाम झालाच तर अल्प असतो, औषधाची जागा तो घेत नाही. जवसाची चटणी जरूर खावी, पण जेवण म्हणून. बी-६ सारखं जीवनसत्त्व दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतलं तर नसांना इजा होते.

गैरसमज : हे सगळं लहान मुलांपुरतं.

वस्तुस्थिती : स्वमग्न प्रौढांपैकी अनेकांना भूक-तहान वेळेवर जाणवतच नाही. एडीएचडी असलेला माणूस कामात बुडाला की जेवण विसरतो, चहावर दिवस काढतो आणि रात्री उशिरा भरपेट जेवतो. मग झोप नाही, दुसऱ्या दिवशी चिडचिड. एडीएचडीवरच्या मेथिलफेनिडेट या औषधाने दुपारची भूक मरते, म्हणून गोळीआधी भरपूर नाश्ता करावा. जेवणाचा गजर लावण्यात कमीपणा नाही.

काय करावं? दोन आठवडे एका वहीत जेवण, शौच, झोप आणि वागणं लिहा. ती वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) इथलं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, दोन्हीकडे बालरोग आणि मानसोपचार विभाग आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत किंवा शाळेत येईल तेव्हा १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि पोट यांबद्दल स्पष्ट विचारा. तोपर्यंत मूल जे आनंदाने खातं, ते त्याच्या ताटातून काढू नका.