परकीय मदतीची दूधभुकटी : देणगीतून उभे राहिलेले भांडवल

ज्याची रोजची मिळकत एका ठरावीक रेषेखाली आहे, अशा माणसाची गणना जागतिक बँक आत्यंतिक दारिद्र्यात करते. जून २०२५ पासून ही रेषा दरडोई दररोज ३ डॉलर अशी धरली जाते. देशोदेशीच्या किमतींचा मेळ घालून ती काढलेली असल्यामुळे बाजारातील विनिमयदराने तिचे रुपये करणे बरोबर ठरणार नाही. हे दारिद्र्य २०३० पर्यंत नाहीसे करण्याचा संकल्प संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांनी २०१५ मध्ये केला. हे काम मुख्यत्वे त्या त्या देशानेच करावयाचे आहे, हे उघड आहे. मग परराष्ट्रांची मदत नेमकी कोठे उपयोगी पडते? आपल्याच देशातील एका अनुभवावरून याची काहीशी कल्पना येऊ शकेल.

१९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पश्चिम युरोपात दूधभुकटी व लोणी यांचे साठे अतोनात वाढले होते. असा माल परदेशी धाडणे दात्यांस सोयीचे असते आणि आपल्या मोठ्या शहरांत तर दुधाचा तुटवडा होता. परंतु शहरात स्वस्त परदेशी दूध वाहू लागले की खेड्यातील दुधाचा भाव कोसळतो. एक म्हैस एवढेच ज्याचे धन, त्याच्यावर ती विकण्याची पाळी येते. म्हणजे एका गरिबाच्या मुखी घातलेला घास दुसऱ्याच्या ताटातून गेलेला असतो.

गुजरातेतील आणंद येथे १९६५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचे अध्यक्ष डॉ. वर्गीज कुरियन यांनी हा धोका ओळखला होता. १९७० मध्ये सुरू झालेल्या 'ऑपरेशन फ्लड' या योजनेसाठी जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत १,२६,००० टन दूधभुकटी व ४२,००० टन बटर ऑइल देणगीदाखल मिळावयाचे ठरले. हा माल वाटला गेला नाही, तो विकला गेला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील दुग्धशाळांनी त्यापासून दूध तयार करून ते ग्राहकांस रीतसर किमतीस दिले. या विक्रीचा पैसा वडोदरा येथील भारतीय दुग्ध महामंडळाकडे जमा होई. पहिल्या टप्प्यात सुमारे ११६ कोटी रुपये अशा रीतीने उभे राहिले आणि ते दुग्धशाळा, शीतकरण केंद्रे, वाहतुकीच्या टाक्या, पशुखाद्याचे कारखाने व गावोगावच्या सहकारी संस्था यांवर खर्च झाले. पुढील टप्प्यांत जागतिक बँकेचे कर्जही मिळाले. १९९६ मध्ये ही योजना संपली.

गावात याचा अर्थ काय झाला, हे संस्थेच्या दारी सकाळ-संध्याकाळ उभे राहिल्यास कळते. दूध मापले जाते, नमुन्यातील स्निग्धांश तपासला जातो, पुस्तकात नोंद होते आणि भाव त्या नोंदीनुसार मिळतो. गवळ्याच्या वा व्यापाऱ्याच्या मर्जीवर तो अवलंबून राहत नाही. शेतीचे पीक वर्षातून एकदा-दोनदा हाती येते, दुधाचा पैसा मात्र बारमाही येतो. अल्पभूधारकाच्या घरात, विशेषतः जनावरांची निगा राखणाऱ्या गृहिणीच्या दृष्टीने, हा फरक लहान नव्हे.

योजनेवर टीकाही झाली, आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नव्हती. गोव्याचे लेखक क्लॉड अल्वारिस यांनी १९८३ मध्ये 'इलस्ट्रेटेड वीकली' या साप्ताहिकातून तिच्या यशाच्या दाव्यांस आव्हान दिले. पुढे शासनाने ल. के. झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून योजनेची छाननी करविली. शहराकडे दूध जाताना गावच्या मुलांच्या वाट्यास किती उरते, हा टीकाकारांचा प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. सहकारी संस्थेचे दार सर्वांस खुले असले, तरी आत येण्यास दुभते जनावर हवे. ज्या भूमिहीनापाशी तेही नाही आणि ज्याच्या गावची गायराने आक्रसत चालली आहेत, त्याच्यापर्यंत दुधाचा हा पैसा फारसा पोहोचला नाही. त्यास जनावरासाठी कर्ज आणि चाऱ्याची सोय ही दोन्ही एकाच वेळी मिळावी लागतात. कर्ज मिळाले आणि चारा नसला, तर म्हैस विकून हप्ते फेडण्याची वेळ येते.