१.३ श्रम आणि व्यायाम

‘दिवसभर राबणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला?’ हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर शारीरिक सुदृढतेच्या व्याख्येत आहे. दैनंदिन कामे अवाजवी थकवा न येता पार पाडून नंतरही उत्साह शिल्लक राहणे, म्हणजे सुदृढता. हृदय व फुप्फुसांची कार्यक्षमता, स्नायूंची ताकद, स्नायूंचा दमदारपणा, लवचिकता आणि शरीरातील मेदाचे योग्य प्रमाण हे तिचे पाच आरोग्यविषयक घटक होत.

श्रमामुळे यांतील काही घटक विकसित होतात. परंतु श्रमाचे स्वरूप कामाची गरज ठरवते, शरीराची नव्हे. भातलावणीत पाठ तासन्‌तास वाकलेलीच राहते. व्यायामात मात्र भार, विश्रांती आणि विविध हालचाली यांचा समतोल हेतुपूर्वक साधला जातो. तालमीत नवशिक्याला आरंभी मोजकेच जोर व बैठका देऊन संख्या क्रमाने वाढवतात. वाढत्या भाराशी शरीर विश्रांतीच्या काळात जुळवून घेते. सराव थांबला की कमावलेली क्षमता ओसरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम तीव्रतेची हालचाल आणि किमान २ दिवस स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. कामातील हालचालही यात मोजली जाते. म्हणून श्रमिकाने राहून गेलेल्या घटकांकडे लक्ष द्यावे. बैठे काम करणाऱ्याने चालण्यापासून प्रारंभ करावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न : आपल्या दैनंदिन कामात सुदृढतेचा कोणता घटक दुर्लक्षित राहतो, ते सकारण लिहा.