घासण्याने कोण काय कमावते?

शाळेच्या पुस्तकात स्थितिक विद्युत एक-दोन पानांत आटोपते. कोरड्या केसांवर कंगवा घासा, तो कागदाचे कपटे उचलेल. कारण इलेक्ट्रॉन एका वस्तूवरून दुसरीवर गेले. गेल्या सव्वाचारशे वर्षांचा मागोवा घेतला, तर हे ‘कारण’ म्हणजे अर्धेच उत्तर असल्याचे दिसते. प्रभार म्हणजे काय, हे विज्ञानाने शोधले; पण दोन वस्तू घासल्यावर कोणती देणार आणि कोणती घेणार, हा मूळ प्रश्न सुटण्याआधीच मागे पडला.

१६०० साली विल्यम गिल्बर्टने घासलेल्या अंबराची (जीवाश्म राळेची) ओढ लोहचुंबकाच्या ओढीपासून वेगळी केली. टोकावर सहज फिरणारी हलकी सुई घेऊन त्याने काच, गंधक, लाख, हिरा अशा कितीतरी वस्तू तपासल्या आणि दमट हवेत प्रयोग फसतो हेही टिपले. (मुंबईच्या जुलैत वर्गात हा प्रयोग करू पाहणाऱ्या शिक्षकांना ते वेगळे सांगायला नको.) १७२९ मध्ये स्टीफन ग्रेने हा गुण दोरीतून दूरवर नेता येतो हे दाखवले, १७३३च्या सुमारास द्यु फेने प्रभाराचे दोन प्रकार ओळखले आणि फ्रँकलिनने त्यांना धन-ऋण ही नावे दिली. मला मात्र १७५४ सालचे जॉन कँटनचे निरीक्षण अधिक मोलाचे वाटते. गुळगुळीत काच लोकरीने घासली की धन होते. तीच काच खरवडून खरबरीत केली की त्याच लोकरीने ऋण होते. पदार्थ तोच, बदलला फक्त पृष्ठभाग. तीनच वर्षांनी विल्केने पदार्थांची देण्या-घेण्याची पहिली क्रमवारी छापली, तीत गुळगुळीत आणि खरबरीत काच दोन वेगळ्या जागी होत्या. हा धागा पुढे ओढला जायला हवा होता. पण १८०० साली व्होल्टाची बॅटरी आली, अखंड वाहणारी वीज हाती लागली आणि घासणे प्रयोगशाळेतून प्रात्यक्षिकाच्या टेबलावर गेले.

१८९७ मध्ये इलेक्ट्रॉन सापडल्यावर सगळे उलगडले, असा आक्षेप कोणी घेईल. धातूंपुरता तो बराचसा खरा आहे: दोन धातू एकमेकांना टेकले की इलेक्ट्रॉन कोणीकडे जातील, हे ते किती घट्ट धरलेले आहेत यावरून सांगता येते. पण काच, रबर, प्लास्टिक या दुर्वाहकांत मोकळे इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतातच. तिथे इलेक्ट्रॉन जातात, आयन जातात की पदार्थाचे सूक्ष्म कणच निघून चिकटतात, यावर अजून वाद आहे. २०११ मध्ये ग्रझिबोव्स्की यांच्या गटाने दाखवले, की प्रभारित पृष्ठभागावर धन आणि ऋण ठिपक्यांची गोधडी असते. आपण मोजतो ती केवळ बाकी.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: कोडे न सुटल्याने अडले कुठे? खरेच, फारसे अडले नाही. १९३८ मध्ये चेस्टर कार्लसनने गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून पहिली झेरॉक्स प्रत काढली. पण ज्या कारखान्यांत पिठाच्या धुळीचा किंवा पेट्रोलच्या वाफेचा एका ठिणगीने भडका उडू शकतो, तिथले उपाय पाहा: अर्थिंग करा, हवेत ओल राखा. हे सगळे साठलेला प्रभार वाहून नेण्याचे उपाय आहेत. तो किती आणि कोणत्या चिन्हाचा साठेल, हे आधी सांगता येत नाही म्हणूनच.

२०२५ मध्ये ऑस्ट्रियातील संशोधकांनी एकाच सिलिकॉन रबराचे तुकडे वारंवार एकमेकांना टेकवले. आधी निकाल कसेही येत होते. हळूहळू तुकड्यांची आपोआप क्रमवारी लागली आणि जास्त वेळा टेकलेला तुकडा कमी टेकलेल्यासमोर ऋण होऊ लागला. काय बदलले हे तपासताना त्यांना एकच फरक सापडला: टेकून टेकून पृष्ठभाग अतिसूक्ष्म पातळीवर गुळगुळीत झाला होता. कँटनच्या खरवडलेल्या काचेला तेव्हा २७१ वर्षे झाली होती.